कोंडवाड्यात राहिलेला मेल

मी काय काम करते हे आमच्या गावात अजून कोणाला धड सांगता येत नाही. आई विचारणाऱ्याला सांगते, "नगरला कंपनीत हाय. कॉम्प्युटरवर पत्रं वाटती." वडील लगेच दुरुस्त करतात, "वाटत न्हाई, वाटायच्या मशिनीवर हाय." दोघं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. कोयता, टोळी, गाडी या तीन शब्दांत त्यांच्या कामाचं सगळं सांगून होतं. माझ्या कामाचं तसं होत नाही. मेल सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेटर म्हटलं की समोरचा ‘अच्छा’ म्हणतो आणि जेवण झालं का विचारतो.

जामखेडकडची मी. नगरच्या कॉलेजातून बीएस्सी केलं, केडगावात एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली आणि एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. मला वाटलं होतं, वेबसाइटबिबसाइटचं काम असेल. पहिल्या दिवशी मला एका खोलीत नेलं. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि आत एसीच्या गारठ्यात एक पन्नाशीचा माणूस बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसला होता. ते सर. कंपनीचा आयटी विभाग म्हणजे ते एकटे, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं.

"पोस्टमन बघितलाय का कधी?" त्यांनी विचारलं.

"बघितलाय."

"पोस्टमन पत्र वाचत न्हाई. फाडत न्हाई. आन् कटाळा आला म्हनून वढ्यात टाकत न्हाई. झालं तुझं ट्रेनिंग, मॅडम."

मॅडम ते मला चिडवायला म्हणायचे. खरं ट्रेनिंग पुढं चार महिने चाललं आणि त्यात मी रडायची तेवढीच बाकी होते. सर्व्हरचा पडदा काळा, त्यावर पांढऱ्या ओळी धावतात. प्रत्येक ओळ म्हणजे एका मेलचा प्रवास: कोणी टाकला, किती वाजता आला, कुठं थांबला, कोणाच्या पेटीत पडला. सर त्या ओळी अशा वाचायचे की जणू गावची चावडी ऐकताहेत. "हा बघ, परचेसवाला. रोज साडेदहाला जागा होतो." लोक फोन करून सांगायचे, मेल हरवला. सर फोन ठेवून म्हणायचे, "मेल हरवत न्हाई. कुठंतरी थांबलेला असतो, आन् त्याला कुनीतरी थांबवलेला असतो. कोन ते शोधायचं."

संशयास्पद मेल सर्व्हर बाजूला काढून ठेवतो. त्या जागेला पुस्तकात क्वारंटाइन म्हणतात. सर तिला कोंडवाडा म्हणायचे. खेड्यात दुसऱ्याच्या पिकात शिरलेली मोकाट जनावरं डांबून ठेवतात तो कोंडवाडा. रोज सकाळी नऊला, चहाचा कप हातात घेऊन, सर आधी तिथं चक्कर मारायचे. लॉटरी लागल्याचे, परदेशी राजपुत्राचे मेल तिथंच मरू द्यायचे आणि चुकून सापडलेले सोडून द्यायचे. एखाद्याची लग्नपत्रिका, एखाद्या दुकानदाराचं दरपत्रक. "गरीब शेरडू उगाच सापडलं," असं म्हणून बटण दाबायचे. एकोणीस वर्षांत त्यांनी ही चक्कर चुकवली नव्हती. सुट्टीवर असले तर घरून मारायचे.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सहाशे लोकांच्या मेलखाली जो पत्ता येतो तो बदलायचं काम पहिल्यांदा माझ्या एकटीकडं आलं. मी ते एका दुपारी, एका फटक्यात केलं. दुसऱ्या दिवशी चाळीस फोन आले: आमच्या नावाखाली काहीतरी बदललंय, व्हायरस आलाय का? मला राग आला. एवढं केलं, एकानंही शाबास म्हटलं नाही. सर हसले. "आपल्याला फोन आला म्हंजी शिवी, न्हाई आला म्हंजी शाबासकी. सवय लाव."

त्यांना ती सवय होती असं मी तेव्हा समजत होते. जानेवारीत त्यांनी हुरड्याला घरी बोलावलं. त्यांचं गाव नगरपासून तासाभरावर, रोज मोटरसायकलनं जायचे-यायचे. आगटीत कणसं भाजत होती, काकू हातावर हुरडा चोळून देत होत्या. मधेच मला म्हणाल्या, "सहाशे मानसांचं काम यांच्यावर चालतं म्हनं. समदी कंपनी वळखती, व्हय गं?"

"हो काकू," मी म्हणाले.

सरांनी मान वर केली नाही. कणसावर फुंकर घालत राहिले, कान मात्र लाल झालेले. मला तेव्हा कळलं की हा माणूस रोज घरी जाऊन आपली एक कंपनी सांगतो आणि तिच्यात त्याला सगळे ओळखतात. खरी गोष्ट अशी होती की कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलाशी कोणी बसायचं नाही. बसलं तर पासवर्ड विसरलेला असायचा.

आता त्या चालीविषयी सांगते, जिच्यामुळं हे सगळं घडलं.

आमच्या कंपनीत कोणी वारलं, की एचआर विभागातून सगळ्यांच्या यादीवर एक मेल जातो. विषय ठरलेला: दुःखद निधन. खाली फोटो, अंत्यविधीचं ठिकाण, वेळ आणि बस गेटवरून किती वाजता सुटेल ते. तो मेल दाखवला की सुपरवायझर माणूस सोडतो, गेटवर पास मिळतो. मेल नाही तर पास नाही. आपल्याकडं मयताला जाणं चुकवत नाहीत. लग्नाला नाही गेलं तर चालतं, मातीला जायचं. त्या बसमध्ये कधी कधी उभं राहून जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण त्याच्या जोडीला दुसरी एक चाल मेलबरोबर आली. फोटो पाहिला की प्रत्येकाला काहीतरी म्हणावंसं वाटतं, आणि प्रत्येक जण ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबून म्हणतो. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. जोडलेले हात, तेवणारी पणती, तीही हलती. एकाचं उत्तर सहाशे जणांना, असे दोनशे जण, आणि प्रत्येकाला मूळ फोटो चिकटलेला. मी लागल्यानंतर सहा महिन्यांनी स्टोअरमधले एक जण वारले आणि अकरा वाजेपर्यंत सर्व्हर गुडघ्यावर आला. ग्राहकाला माल निघाल्याचे मेल त्या पणत्यांच्या मागं रांगेत अडकले. माल भरलेल्या गाड्या गेटच्या आत उभ्या. प्लांटचे मोठे साहेब स्वतः आमच्या खोलीत आले, आणि त्यांचा आवाज आधी आला.

सर त्या दिवशी एका विम्याच्या कामासाठी बाहेर होते. मी एकटी. मी दहा मिनिटांत एक नियम लिहिला: सगळ्यांच्या यादीवर येणारा, ज्याच्या विषयात ‘निधन’ किंवा ‘श्रद्धांजली’ हे शब्द आहेत असा प्रत्येक मेल थेट कोंडवाड्यात. रांग सरसर उतरली. गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी मला उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या. शाळेतही कधी वाजल्या नव्हत्या, कारण बक्षीस समारंभ हंगामात यायचा आणि मी आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर असायची.

सरांनी संध्याकाळी नियम वाचला. "चांगला हाय. घाईचा हाय. उद्या काढून टाक आन् नीट लिही. फक्त उत्तरं अडव, पहिला मेल सोड. न्हाईतर पुढच्या मयताला निरोपच जायचा न्हाई."

"हो सर, काढते."

काढला नाही. नंतर मी सगळ्यांना सांगितलं की विसरले. इथं खरं लिहिते, विसरले नव्हते. नियमांच्या यादीत सतरा नियम सरांचे होते आणि अठरावा माझा. टाळ्या त्याच्यासाठी वाजल्या होत्या. रोज सकाळी यादी उघडली की मी आधी त्याच्याकडं पाहायचे. नीट लिहायचा म्हणजे तो मोडून सरांना दाखवून पुन्हा लिहायचा, म्हणजे तो अर्धा सरांचा होणार. लिहू सावकाश, असं म्हणत मी दिवस ढकलले. सरांनी एकदा विचारलं, मी मान डोलावली, त्यांनी तपासलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. सुदैवानं तीन महिने कंपनीत कोणी गेलं नाही. सुदैवानं म्हणते खरी, पण मधे कोणी गेलं असतं तर चूक उघडी पडली असती, आणि नऊच्या चकरेत सरांनीच ती सुधारली असती.

गेले ते सरच. सकाळी अंघोळ करून कपडे घालताना छातीत कळ आली, गाडी बोलावेपर्यंत संपलं. मला त्यांच्याच फोनवरून फोन आला. नाव सरांचं दिसलं म्हणून मी हसत उचलला, "बोला सर, चक्कर मारली का?" पलीकडं त्यांचे थोरले भाऊ होते.

मी एचआरच्या साहेबांना त्यांच्या टेबलावरच्या फोनवर गाठलं. ते हळहळले. म्हणाले, "अगं, आज ग्राहकाचं ऑडिट आहे, मला हलता येणार नाही. पण मेल लगेच टाकतो, बस बाराला सोडतो. ऑडिट असलं तरी यांच्यासाठी माणसं सोडू. तू हो पुढं." मी मैत्रिणीची स्कूटी घेऊन निघाले. म्हणजे त्या दिवशी आयटी विभागातला एक जण तिरडीवर होता आणि दुसरी रस्त्यावर.

अंगणात सर झोपवलेले होते. अंगावर पांढरं, आणि कोणीतरी, कोण जाणे का, पायाशी त्यांचा स्वेटर घडी करून ठेवलेला. मुलगा पुण्याहून दीडला पोचला. सगळी तयारी झाली होती. थोरल्या भावांनी मला बाजूला घेतलं.

"कंपनीची मानसं यायचीत ना?"

"बस निघालीय, दादा. एक-सव्वा तासाचा रस्ता आहे."

"मंग थांबू. कंपनीची मानसं आल्याबिगर कसं उचलायचं."

भावकी थांबली. अडीच वाजले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला हातानं बोलावलं. रडून आवाज बसला होता. "कुठवर आली गं गाडी?"

"येईल, काकू. इतक्यात."

"किती मानसं बसत्यात तिच्यात?"

"पन्नास."

"मंग दोन गाड्या लागतील," काकू म्हणाल्या आणि शेजारणीला चहाच्या पाण्याचं सांगायला लागल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या घरी आधण ठेवलं.

एचआरच्या साहेबांचा फोन लागेना. मग माझ्या मनात आलं, मेलमध्ये वेळ काय लिहिलीय ते तरी पाहू. फोनवर पेटी उघडली. सकाळपासून अकरा मेल. दुःखद निधनाचा एकही नाही. मी खाली सरकवत राहिले, वर सरकवत राहिले. मी गोठ्यामागं गेले, फोनवरून सर्व्हरला जोडून घेतलं आणि कोंडवाडा उघडला. तिथं तो होता. दहा वाजून बारा मिनिटांनी आलेला. शेजारच्या रकान्यात कारण: नियम अठरा. फोटो उघडला नाही, कारण मला माहीत होता; मीच काढला होता, आगटीपाशी, आणि सकाळी साहेबांना मीच पाठवला होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं नसतं का, असं आज कोणीही विचारेल. ऑडिटच्या दिवशी आमच्याकडं सगळ्यांचे फोन सकाळीच गेटवर जमा होतात. बाराला बस गेटवर लागली होती. ड्रायव्हरनं अर्धा तास वाट पाहिली. कोणी आलं नाही म्हणून त्यानं ती परत लावून टाकली. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी तिथंच बटण दाबून मेल सोडला. पावणेतीनला सहाशे लोकांना कळलं की एक वाजून पंधरा मिनिटांनी अंत्यविधी आहे. दोन मिनिटांत कोंडवाड्यातला आकडा हलायला लागला. तीन. नऊ. सव्वीस. लोक उत्तरं देत होते, ‘सर्वांना’ बटण दाबून, आणि नियम अजून जागेवर होता, त्यामुळं त्यांची श्रद्धांजली एकेक करून आत येऊन पडत होती. गोठ्यामागं उभी राहून मी तो आकडा शंभरावर जाताना पाहिला. फोन खिशात टाकला आणि अंगणात आले.

"उचला, दादा," मी म्हणाले. "ऑडिट आहे आज कंपनीत. सोडलं नाही कोणाला."

थोरले भाऊ तिरडीकडं वळले. त्यांच्या मागून कोणीतरी बोललंच, "जलमभर कंपनी कंपनी करत हुता." काकूंनी ते ऐकलं. माझ्याकडं पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "ऑडिट. व्हय." आणि शेजारच्या घराकडं तोंड करून ओरडल्या, "आधन उतरवा गं."

त्या संध्याकाळी मी नियम अठरा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी विचारलं, "मेल एवढा उशिरा कसा गेला?" मी म्हणाले, सर्व्हरवर लोड होता. हे खोटं इतकं सहज निघालं की मला माझीच भीती वाटली. कॅन्टीनमध्ये बायका डोळे पुसत म्हणाल्या, सर गेले त्या दिवशी सर्व्हरपण बंद पडला बघ, जीव असतो म्हणतात वस्तूत. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. सरांचा सर्व्हर एकोणीस वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता, आणि त्याच्यावर मी आळ येऊ दिला. हे मला माझ्या पहिल्या खोट्यापेक्षा जास्त लागलं.

सकाळी नऊला मी कोंडवाड्यात चक्कर मारायला लागले. आता ते माझं काम होतं. सुटायची राहिलेली दोनशे अकरा उत्तरं तिथं तशीच होती. ती कोणाला सोडणार? मी एकेक वाचली. पोस्टमन पत्र वाचत नाही, पण मी वाचली. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. एकानं लिहिलं होतं, हे कोण? कोणत्या विभागात होते? दुसऱ्या एकानं लिहिलं होतं, बहुतेक आयटीतले असावेत, ओम शांती.

सहाव्या दिवशी मी सरांच्या गावी गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. ओट्यावर त्या एकट्याच होत्या. कोंडवाडा म्हटल्यावर त्यांना लगेच समजलं, मला काही फोड करावी लागली नाही.

"त्यांना ठावं हुतं?"

"हो. त्यांनी मला काढायला सांगितलं होतं."

"मंग काढला का न्हाईस?"

विसरले म्हणणार होते. जीभ वळली नाही. "लोकांनी माझं कौतुक केलं होतं त्या नियमाचं, काकू. मला तो राहू द्यावासा वाटला."

त्या मला शिव्या देतील, निघून जा म्हणतील, असं वाटलं होतं, आणि खरं तर मला तेच हवं होतं. पण त्यांच्या तोंडावर दुसरंच काहीतरी आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा त्या ताठ बसल्या.

"म्हंजी मानसं येनार हुती," त्या म्हणाल्या. "निरोपच गेला न्हाई म्हनून आली न्हाईत."

"हो."

"भावकी माझ्या तोंडावर बोलती. म्हनं, एवढी वर्सं काय करत हुता तिथं, झाडू मारत हुता का, एक मानूस आला न्हाई कंपनीतून." त्यांनी माझं मनगट धरलं. "मला एकटीला सांगून काय उपेग? दहाव्याला माईकवर सांग. समद्यांच्या म्होरं."

आमच्याकडं दहाव्याला, पिंडदान झालं की, श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच, पतसंस्थेचे कोणी, शाळेतले कोणी, प्रत्येक जण माईक घेऊन दोन शब्द बोलतो. तिथं उभं राहून मी म्हणायचं की निरोप मी अडवला. साहेब तिथं असणार. नोकरी जाईल हे मला दिसत होतं, तरी मी हो म्हणाले. माझ्या मनात एक हिशेबही होता: दहावा रविवारी येत होता. ऑडिट नाही, शिफ्ट नाही. या वेळी मेल मी स्वतः लिहीन, स्वतः पाठवीन, बस भरून येईल, आणि माझं बोलणं त्या बसच्या साक्षीनं होईल.

मेल मी शुक्रवारी सकाळी पाठवला. मग काळ्या पडद्यासमोर बसून सहाशे ओळी वाचल्या. पोचला, पोचला, पोचला. एकही परत आला नाही, एकही अडकला नाही. शनिवारी पुन्हा एकदा पाठवला, आठवण म्हणून. शनिवारीसुद्धा उत्तरं आली. जोडलेले हात, पणत्या. मी त्यातलं एकही अडवलं नाही, सर्व्हर जड झाला तरी.

रविवारी नदीकाठी सकाळी आठला मांडव भरला होता. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, माणूस समाधानी गेला. मी पुन्हा पुन्हा रस्त्याकडं पाहत होते. पावणेनऊला बस आली. पुलाजवळ थांबली, दार उघडलं, माणसं उतरली. एचआरचे साहेब, स्टोअरमधले दोघं, परचेसवाला, कॅन्टीनमधल्या दोघी, दोन सुपरवायझर आणि बस लावून मागून आलेला ड्रायव्हर. नऊ. मी दाराकडं पाहत राहिले, तर ड्रायव्हरनं ते मघाशीच ओढून घेतलं होतं. मागून दुसरी बस असेल म्हणून मी आणखी थोडा वेळ पाहिलं. साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "रविवार ना. लोकांची घरची कामं असतात."

मला तेव्हाच गप्प बसता आलं असतं. काकूंना जाऊन सांगता आलं असतं की राहू द्या. पण त्या बायकांच्या घोळक्यात पुढं बसल्या होत्या, पदर डोक्यावरून सारखा केलेला, आणि माझ्याकडं पाहून त्यांनी मान हलवली. माझं नाव पुकारलं गेलं.

मी माईक घेतला. म्हणाले, सर माझे गुरू होते. म्हणाले, मातीच्या दिवशी कंपनीतलं कोणी आलं नाही, त्यात कंपनीचा दोष नाही, सरांचा तर नाहीच. निरोपाचा मेल माझ्यामुळं अडकला. मी केलेली चूक सरांनी मला दुरुस्त करायला सांगितली होती आणि मी केली नाही. "सरांना सगळी कंपनी ओळखत होती," मी म्हणाले, "आणि त्या दिवशी सगळी येणार होती." साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी पुढं मला ताकीदपत्र दिलं, नोकरी ठेवली, आणि ते पत्र मी जपून ठेवलंय. पण त्या घडीला मला त्यांची भीती वाटत नव्हती. थोरल्या भावांनी मान खाली घातली, मघाशी कुजबुजणारे गप्प झाले. मला वाटलं, झालं. सरांचा मान त्यांना परत मिळाला.

पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी हात वर केला.

"आन् आजचा निरोप गेला का समद्यांना?"

माईक माझ्या हातात होता. खोटं बोलायला एक क्षण पुरला असता, आणि मला आता त्याची सवयही झाली होती. पण सहाशे ओळी मी स्वतः वाचल्या होत्या.

"गेला, बाबा."

"पोचला समद्यांना?"

"पोचला."

म्हाताऱ्यांनी मांडवावरून नजर फिरवली. कंपनीची नऊ माणसं कडेच्या सतरंजीवर बसली होती, त्यांच्या मागं अंथरलेल्या चार सतरंज्या रिकाम्या होत्या. त्या काकूंनी कंपनीसाठी म्हणून राखून ठेवायला लावल्या होत्या. म्हाताऱ्यांनी काठी आडवी करून मांडीवर घेतली.

मी काकूंकडं पाहिलं. त्यांची नजर त्या सतरंज्यांवर होती. मग त्यांनी एकदा पुलाकडच्या रस्त्याकडं पाहिलं आणि पदर तोंडापर्यंत ओढून घेतला.

"दादा," त्या थोरल्या दिराला म्हणाल्या, आणि माईक नसतानाही ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, "मानसं बसवा त्या सतरंज्यांवर. पंगत सुरू करा. आता कुनी यायचं न्हाई."